लहान खेकडे हाताने पकडायचे कसे? (त्यांना न दुखावता)

ओंजळ

माझी लेक सात वर्षांची आहे. समुद्रावर गेलं की तिला बाकी काही दिसत नाही, फक्त खेकडे. मागच्या रविवारी ओहोटी लागलेली होती, ओल्या वाळूवर बोटाच्या पेराएवढे पांढुरके खेकडे फिरत होते. आम्ही चार पावलांवर आलो की सगळे गडप. तासभर धावाधाव केली, एकही हाती लागला नाही.

शेवटी तिने खेळण्यातल्या फावड्याने एक बीळ उकरलं. खेकडा निघाला, पण वाळूत त्याचा एक पाय सुटा पडला होता. खेकडा तसाच तिरका धावत दुसऱ्या बिळात शिरला आणि ही तो पाय तळहातावर घेऊन उभी. काडीएवढा पाय, टोकाला नखासारखा निमुळता. मग जे रडू फुटलं ते गाडीत बसेपर्यंत थांबलं नाही. "आई, आता तो चालणार कसा?" एवढा एकच प्रश्न.

तिला खेकडा हातात घ्यायचाय, नुसता दोन मिनिटं बघायला. ते तिला करता यावं असं मलाही मनापासून वाटतं. पण पुन्हा असं व्हायला नको. हाताने, त्याला काही न होता, पकडायची रीत कुणाला माहीत असेल तर सविस्तर सांगा. पुढच्या आठवड्यात परत जाणार आहोत.

रेघोटी

वाचतेय. आमची जुळी पाच वर्षांची आहेत, हाच प्रश्न आमच्याकडेही आहे.

खडपातला

ओंजळताई, माझं लहानपण किनाऱ्यावर गेलं, त्यामुळे हे थोडं लांबलचक होईल.

सगळ्यात आधी फावडं घरी ठेवा. तुम्ही सांगताय ते पांढुरके, डोळे काडीवर बसवल्यासारखे उभे असलेले, म्हणजे घोस्ट क्रॅब. त्यांचं बीळ सरळ खाली जात नाही. तिरकं जातं, मध्ये वळतं, कधी त्याला दुसरं तोंडही असतं. मोठ्यांची बिळं मीटरभर खोल असतात. वरून फावडं मारलं की ते आत कुठे लागेल याचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही, आणि वाळू ढासळली की खेकडा पायांसकट दाबला जातो.

पाठलागही नको. मोठा घोस्ट क्रॅब सेकंदाला दोन मीटरहून जास्त वेगाने पळतो, पळता पळता दिशा बदलतो, आणि त्या उभ्या डोळ्यांना चहूबाजूंचं दिसतं. मागून गेलात तरी तुम्ही त्याच्या नजरेतच असता.

मग करायचं काय, तर बसायचं. जिथे लहान तोंडाची बिळं दिसतात, करंगळी जाईल एवढी, तो पट्टा निवडा. लहान खेकडे पाण्याच्या जवळ राहतात, कारण ते लवकर सुकतात. मोठ्यांची बिळं वर कोरड्या वाळूकडे. बिळांपासून दोन-तीन हातांवर उकिडवं बसा, स्वतःची सावली बिळांवर पडणार नाही अशा बाजूला. हळू आवाजात बोललात तरी चालेल, पण पाय आपटायचा नाही. वाळूतली थरथर त्यांना लगेच कळते. पाच-सात मिनिटांत बिळाच्या कडेला दोन काळे ठिपके वर येतात. ते डोळे. मग अर्धं अंग. मग बराच वेळ काहीच नाही. मुलं इथेच उठतात, त्यांना तेवढं धरून ठेवा. नंतर तो आतली वाळू कवेत घेऊन बाहेर येतो, फेकतो, परत आत जातो. असं दोन-चारदा झालं की मग निर्धास्त फिरायला लागतो.

तो बिळापासून हातभर लांब गेला की दोघांपैकी एकाने अगदी सावकाश बिळाच्या तोंडावर तळवा ठेवायचा. घरची वाट बंद झाली की लहान खेकडा बरेचदा पळायचं सोडून वाळूला चिकटून बसतो. रंग वाळूचाच, त्यामुळे तो जवळजवळ दिसेनासा होतो. नजर तेवढी हलवायची नाही. आता दुसऱ्याने हाताची वाटी करून त्याच्यावर ठेवायची, दाबायची नाही. बोटांची टोकं कडेने वाळूत रोवायची, दुसरा हात खालून सरकवायचा आणि वाळूसकट उचलायचा.

वाळूसकट, हे विसरू नका. नखाएवढा खेकडा चिमटीत धरला की मुलाच्या बोटांचाही जोर त्याला जास्त होतो. ओंजळीतली वाळू हळूहळू गळू द्यायची, शेवटी तो तळहातावर उरतो.

आणि हात आधी समुद्राच्या पाण्यात धुवून ओले ठेवा. सनस्क्रीन, डास पळवायचं मलम, असलं काही हाताला असेल तर ते त्याच्या अंगाला लागतं. कोरडा गरम तळवाही त्याला सोसत नाही.

ओंजळ

दादा, किती बारकाईने लिहिलंय! सावलीचा मुद्दा तर माझ्या डोक्यातही आला नव्हता. आम्ही सूर्याकडे पाठ करूनच त्यांच्यामागे धावत होतो.

एक विचारते. जरा मोठा असेल, म्हणजे रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा, तर?

खडपातला

तो मात्र धरायचा असतो, तळहातावर मोकळा ठेवून चालत नाही. मागच्या बाजूने जायचं. नांग्या पुढे असतात आणि त्या पाठीमागे फारशा वळत नाहीत. अंगठा एका कडेला, तर्जनी दुसऱ्या कडेला, कवचाच्या मागच्या भागावर. पकड एवढीच की तो निसटणार नाही. हे जमत नसेल तर एक बोट पाठीवर अलगद टेकवून त्याला वाळूवर स्थिर करा आणि मग मागून उचला. एका पायाला किंवा नांगीला धरून कधीही उचलायचं नाही.

सात वर्षांच्या मुलीने आधी नखाएवढ्यांवरच हात बसवावा असं माझं मत आहे. मोठे पुढच्या वर्षी.

निशिगंध

मी वेगळं बोलते, राग मानू नका. पकडायचंच कशाला? तो आपल्यापासून जीव वाचवायला पळतोय आणि आपण त्याच्या घरावर हात ठेवून वाट अडवतोय. मुलांना बघायला शिकवा ना.

मी गेली काही वर्षं एकाच जातीचे खेकडे बघत बसते. वाटाण्याहून लहान असतात, ओहोटीला ओल्या वाळूवर येतात आणि वाळूच्या बारीक गोळ्या करून ठेवतात. तुम्ही पाहिल्या असतील, मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळ्या, बिळापासून बाहेर किरणांसारख्या पसरलेल्या. तो वाळू तोंडाशी नेतो, कणांना चिकटलेलं जे काही खाण्याजोगं असेल ते काढून घेतो, उरलेल्या वाळूची गोळी होते आणि ती तो मागे सारतो. एक रेघ संपली की बिळाकडे येतो, थोडा वळतो, दुसरी रेघ धरतो. बिळाकडे यायची वाट मात्र गोळ्यांशिवाय मोकळी ठेवतो, म्हणजे काही झालं की सरळ घरात. भरतीचं पाणी आलं की सगळं पुसलं जातं आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून.

हे बघायला वीस मिनिटं लागतात. पकडायला गेलात तर यातलं काहीच दिसत नाही, फक्त रिकामी बिळं दिसतात.

रेघोटी

निशिगंध, त्या गोळ्या खेकडे करतात हे मला आजवर माहीत नव्हतं! मला वाटायचं पाणी उतरताना बुडबुड्यांमुळे तसं होतं.

खडपातला

निशिगंधताई, राग कसला. त्या गोळ्यावाल्यांना पकडू नये याला माझंही अनुमोदन. ते फारच नाजूक असतात आणि ओहोटीचे ते चार-पाच तास हाच त्यांचा पोट भरायचा वेळ. तो आपण मोडू नये.

पण पकडूच नये हे मला पटत नाही. तळहातावर खेकडा चालला की त्याचे पाय टोचतात, गुदगुल्या होतात, तो तोंडाशी फेस काढतो, डोळे खाली मिटवून खाचेत ठेवतो. हे लांबून कळत नाही. मी लहानपणी शेकडो धरले असतील आणि आज पावलाखाली एखादं बीळ आलं तरी मी वळसा घालून जातो. त्या दोन गोष्टींचा संबंध आहे असं मी मानतो. एक धरा, दोन मिनिटं बघा, जिथून घेतला तिथेच सोडा.

सांजवेळ

एक गोष्ट सांगते, कारण बादलीबद्दल अजून कुणी बोललं नाहीये.

तीन वर्षांपूर्वीची. माझा मुलगा आणि त्याचा मित्र यांनी दुपारभर खपून चौदा खेकडे जमवले, प्लॅस्टिकच्या बादलीत. बहुतेक घोस्ट क्रॅबच होते. मी त्यांना सांगितलं, "पाणी भरा, नाहीतर मरतील." समुद्राचं पाणी, गळ्यापर्यंत. वरून टोपी झाकली, पळून जाऊ नयेत म्हणून. मग आम्ही जेवायला गेलो. दीड तासाने येऊन टोपी काढली तर सगळे तळाशी, पाय आत घेतलेले, एकावर एक. एक हलत नव्हता. मुलाने बादली वाळूवर उपडी केली आणि एकेकाला सरळ ठेवत बसला, पायांवर उभे करून. अजून ते दृश्य डोळ्यांसमोरून जात नाही.

पाणी भरायला मीच सांगितलं होतं. समुद्रातला प्राणी, मग त्याला पाणी हवंच, असं मला वाटलं. नेमकं काय चुकलं ते मला आजही नीट माहीत नाही.

दशपाद

सांजवेळताई, मी जीवशास्त्र शिकवते. तुमची चूक अगदी कुणाकडूनही व्हावी अशी आहे, म्हणून नीट लिहिते.

खेकडे मुख्यतः कल्ल्यांनी श्वास घेतात आणि कल्ले ओले राहिले तरच ते काम करतात. इथपर्यंत तुमचं बरोबर होतं. पण घोस्ट क्रॅब जमिनीवर राहायला इतका सरावलाय की तो हवेतला ऑक्सिजन घेतो. कवचाखाली कल्ल्यांच्या कप्प्यात तो थोडंसं पाणी बाळगतो. ते कमी झालं की लाटेत जाऊन अंग भिजवून येतो, किंवा पायांच्या बुडाशी जे केस असतात त्यांनी ओल्या वाळूतलं पाणी शोषून घेतो. त्याला बराच वेळ पाण्यात बुडवून ठेवलं तर तो बुडून मरतो. तुमच्या बादलीत त्यांना वर यायला काही आधारच नव्हता.

खडकांच्या डबक्यात राहणाऱ्या खेकड्यांचं याच्या उलट. त्यांना पाणी लागतं, पण बादलीतलं साठलेलं पाणी नव्हे. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि जे आहे तो दहा-बारा जण मिळून लगेच संपवतात. शिवाय दाटीत ते एकमेकांच्या नांग्या-पाय तोडतात.

म्हणून वाळूतल्या खेकड्याला फार तर ओली वाळू, पाणी नाही. डबक्यातल्याला उथळ ताजं समुद्राचं पाणी आणि चढून बसायला एक दगड, सावलीत, आणि तेही पाच-दहा मिनिटं. एका वेळी एक-दोन, अधिक नाहीत. गोडं पाणी दोघांनाही नको, आणि घरी नेणं तर मुळीच नको.

मी विद्यार्थ्यांना घेऊन जाते तेव्हा बादली नेतच नाही. हातात मावेल तेवढंच बघायचं.

सांजवेळ

दशपादताई, धन्यवाद. मुलगा आता अकरा वर्षांचा आहे. त्याला आज वाचून दाखवते. त्यालाही अजून आठवतं ते.

गलबत

माझा प्रश्न चिमट्याचा. माझ्या भाच्याच्या बोटाला एकाने पकडलं आणि त्याने जोरात हात झटकला. खेकडा लांब उडून पडला, पण नांगी बोटालाच. ती काढताना आम्हाला घाम फुटला. अशा वेळी नेमकं काय करावं?

खडपातला

झटकायचं नाही, ओढायचं नाही. हात खाली न्या, ओल्या वाळूवर किंवा पाण्यात टेकवा आणि हलू नका. पाय जमिनीला लागले की त्याला पळायची वाट दिसते, बहुतेक वेळा तो आपणहून सोडतो. चार-पाच सेकंदांचा प्रश्न असतो, पण मुलांना ते आधीच सांगून ठेवावं लागतं, ऐन वेळी कुणी ऐकत नाही. मी तर मुलांकडून आधी रिकाम्या हातानेच करून घेतो: "चावला!" म्हटलं की हात वाळूवर.

नखाएवढ्या खेकड्याचा चिमटा म्हणजे मुंगीसारखाच, रक्तसुद्धा येत नाही.

दशपाद

जोडून सांगते. मोठ्याने पकडलं आणि कातडी फाटली तर स्वच्छ पाणी आणि साबणाने नीट धुवा. समुद्राच्या पाण्यात, विशेषतः कोमट पाण्यात, जखमेतून शिरणारे जिवाणू असतात. जखम लाल होऊन सुजायला लागली, ठणका वाढला किंवा ताप आला, तर वाट न बघता डॉक्टर. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी हातापायाला उघडी जखम असताना या भानगडीत पडूच नये.

नांगी बोटाला राहिली त्याचं कारण असं की खेकडा संकटात स्वतःचा अवयव सोडून देऊ शकतो. पायाच्या बुडाजवळ एक ठरलेली जागा असते, तिथले स्नायू आवळले की पाय तिथूनच सुटतो. आतला पडदा लगेच जखम बंद करतो, त्यामुळे रक्त फारसं जात नाही.

ओहोटी

खडकाळ किनाऱ्याबद्दल लिहिते, कारण मुलांना खेकडे तिथेही खूप सापडतात आणि तिथले धोके वेगळे आहेत.

वेळ आधी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, तेव्हा भरती जशी वर चढते तशीच ओहोटीही खूप खाली जाते, आणि एरवी पाण्यात असलेले खडक उघडे पडतात. अष्टमीच्या आसपास भांगाची ओहोटी, तेव्हा फारसं काही उघडं पडत नाही. बऱ्याच किनाऱ्यांवर एका ओहोटीनंतर साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी दुसरी येते, म्हणजे रोज वेळ पन्नास-एक मिनिटांनी पुढे सरकते. मी पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोचते आणि पाणी वळलं की मुलांना घेऊन निघते. खडकांत भरतीचं पाणी मागून येतं. समोर बघत बसलेल्या माणसाला ते कळत नाही.

दगड उलटायचा तर लांबची कड धरून आपल्याकडे कलवायचा, म्हणजे खाली जे असेल ते पलीकडे निघून जाईल, आपल्या पायावर येणार नाही. आधी दगड, मग नजर, मग हात. न बघता फटीत हात घालायचा नाही, हा नियम मी मुलांकडून वदवून घेते. हिंदी आणि पॅसिफिक महासागरांच्या उष्ण किनाऱ्यांवर निळ्या कड्यांचा छोटा ऑक्टोपस असतो, मुठीत मावेल एवढा. त्याचं विष माणसाचा श्वास थांबवू शकतं. शंकूच्या आकाराचे सुंदर नक्षीचे शंख असतात, त्यातला जिवंत प्राणी विषारी काटा मारतो. म्हणून शंकूसारखा शंख कितीही सुंदर असला तरी उचलायचा नाही. दगडासारखा दिसणारा दगडमासाही असतो. पायात पक्के बूट हवेत, तळव्याला घट्ट बसणारे. खडकांवरची कवचं ब्लेडसारखी कापतात आणि हिरवं शेवाळ फार निसरडं असतं.

आणि उलटलेला दगड जसा होता तसाच परत ठेवायचा. त्याच्या खालच्या अंगाला अंडी चिकटलेली असतात, स्पंज असतात, नळीतले किडे असतात. ऊन लागलं की तासाभरात सगळं वाळतं. वरचं शेवाळही खाली दाबलं गेलं की मरतं. मी फिरायला जाते तेव्हा दुसऱ्यांनी उलटे टाकलेले दगड दिसतात, पांढरे पडलेले. जमतील तेवढे सरळ करून येते. आधी खेकडा बाजूला होऊ द्यावा, मग दगड टेकवावा, नाहीतर तोच खाली चिरडतो.

गलबत

दगड परत ठेवायचा हे आम्ही कधीच केलं नव्हतं. आता करू.

रेघोटी

शंखात राहणारे खेकडे कसे पकडायचे? ते तर हळू चालतात. जुळ्यांना तेच सोपे पडतील असं वाटतंय.

ओहोटी

ते सोपेच आहेत. शंख उचलला की झालं. तो आत जातो आणि एका नांगीने दार लावल्यासारखं तोंड बंद करतो. ओल्या तळहातावर ठेवून गप्प बसा, दोन-तीन मिनिटांनी आधी मिशा, मग डोळे, मग पाय बाहेर येतात. पाच वर्षांच्या मुलांना हे खूप आवडतं.

मात्र त्याला शंखातून ओढून काढायचं नाही. त्याचं मागचं अंग मऊ असतं, शंखाच्या वळणात वळलेलं, आणि तो आतून इतका घट्ट धरून बसतो की तुटेल पण सुटणार नाही. रिकामे शंख गोळा करून घरी नेऊ नका, हेही मुलांना सांगा. खेकडा वाढला की त्याला मोठा शंख शोधावा लागतो. एकाने मोठा घेतला की त्याचा जुना दुसरा घेतो, दुसऱ्याचा तिसरा, अशी ओळच्या ओळ घरं बदलते.

निशिगंध

ओंजळताई, लेक लहान आहे म्हणून एक सुचवते. पकडायचंच असेल तर मोल क्रॅबपासून सुरुवात करा. त्याला नांग्याच नसतात, त्यामुळे चिमटा नाही. अंड्यासारखा गोल, करड्या रंगाचा, अंगठ्याच्या पेराएवढा.

लाट फुटून परत जाते त्या जागी उभं राहायचं, घोट्यापर्यंत पाण्यात. पाणी मागे सरताना वाळूवर इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बारीक रेघा उमटतात, कधी पाच-सहा एकत्र. त्या त्याच्या मिशांमुळे पडतात. पिसासारख्या मिशा बाहेर काढून तो परतत्या पाण्यातले कण गाळून घेतो. रेघ दिसली की लगेच दोन्ही हात वाळूत खुपसून ओंजळभर वाळू उचला आणि पाण्यात हलवत गाळा. तो हातात उरतो आणि मागे मागे सरकत बोटांच्या फटीत खोदायला लागतो. तो फक्त मागेच जातो, पुढे चालत नाही.

जागेवर ठेवला की दोन सेकंदांत वाळूत. त्याला फार त्रास होत नाही असं मला वाटतं. लाटा दणकट असतील त्या दिवशी मात्र तिथे मूल नेऊ नका.

काजवा

रात्रीचं कुणी लिहिलं नाही म्हणून. घोस्ट क्रॅब अंधारात जास्त बाहेर असतात. विजेरीचा झोत पडला की बरेचदा जागच्या जागी थबकतात आणि हात लावता येतो. मीही असं पकडलेत, पण आता करत नाही. दिपून थबकलेल्याला उचलणं मला बरं वाटत नाही, आणि ज्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात तिथे पांढऱ्या उजेडाने पिल्लं वाट चुकतात. बघायला जायचं तर लाल उजेड वापरा आणि दोघा-तिघांनीच जा.

दशपाद

आणखी एक गोष्ट. हातात आलेला खेकडा अलगद उलटा करून त्याचं पोट बघा. तिथे एक दुमडलेली पट्टी असते. अरुंद, टोकदार असेल तर नर. रुंद, गोलसर असेल तर मादी. मादीच्या त्या पट्टीखाली नारिंगी किंवा तपकिरी दाणेदार गोळा दिसला तर ती अंडी. तिला बघितल्याबरोबर सोडा, हातात फिरवत बसू नका. हाताला मऊ लागणारा खेकडाही लगेच खाली ठेवा. त्याने नुकतीच कात टाकलेली असते, नवं कवच घट्ट व्हायचं असतं आणि तो फार असहाय असतो.

सोडताना उंचावरून टाकू नये. हात वाळूला टेकवायचा, तो आपण उतरतो. आणि राखीव किनारा असेल तर तिथल्या फलकावर काय लिहिलंय ते आधी वाचा, काही ठिकाणी हात लावायलाही मनाई असते.

ओंजळ

काल जाऊन आलो. सगळ्यांना सांगायलाच हवं.

फावडं, बादली काहीच नेलं नाही. आधी निशिगंधताईंच्या रेघा शोधल्या. पहिल्या अर्ध्या तासात एकही दिसली नाही, मी नुसती लाटांकडे बघत होते. लेकीलाच आधी दिसली. तिने हात खुपसले, गाळलं, रिकामे. असं सहा वेळा. सातव्या वेळी ती अचानक गप्प झाली. ओंजळ छातीशी धरून माझ्याकडे आली. वाळूत एक करडा गोटा होता आणि तो तिच्या बोटांच्या फटीत मागे मागे शिरत होता. "आई, हा खोदतोय. मला खोदतोय!" तिचे ओठ थरथरत होते, पण हात अगदी स्थिर. वीस मोजले आणि लाट परतली तिथे हात टेकवला. तो गेला आणि वर वाळूत एक खळगा राहिला. पुढच्या लाटेने तोही गेला.

मग वर जाऊन बिळांपाशी बसलो. पंचवीस मिनिटं! ही मुलगी जेवतानाही एका जागी बसत नाही. डोळे वर आले तेव्हा तिने माझा गुडघा घट्ट धरला, तोंडातून शब्द नाही. मी बिळावर हात ठेवला, तिने वाटी केली, पण तो बोटांखालून निसटला आणि माझ्या हाताला वळसा घालून भलत्याच बिळात शिरला. तिला वाईट वाटेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "त्याला सगळे पाय होते. मी मोजले."

आता तिचा प्रश्न, तिच्याच शब्दांत, खास दशपादताईंना: "त्या दिवशीच्या खेकड्याचा पाय परत येईल का?"

दशपाद

तिला सांगा, हो, येतो. जिथून पाय सुटला तिथे आधी एक बारीक कोंब येतो. त्याच्या आत नवा पाय घडी घालून ठेवलेला असतो. खेकडा पुढची कात टाकतो तेव्हा तो कोंब उघडतो आणि पाय बाहेर येतो, इतरांपेक्षा छोटा. मग प्रत्येक कातीबरोबर तो वाढतो आणि दोन-तीन काती झाल्या की जवळजवळ बाकीच्यांएवढा होतो. लहान खेकडे वाढीच्या वयात असल्यामुळे मोठ्यांपेक्षा लवकर लवकर कात टाकतात, आणि तिचा खेकडा तर पेराएवढाच होता. तोवर त्याला चालायला बाकीचे पाय आहेत.

पुढच्या वेळी पाय मोजताना तिला एखादा पाय आखूड आणि फिकट दिसला, तर तो असा परत आलेला पाय असू शकतो. दिसला तर इथे नक्की लिहा.